एका विस्तवाची माणसं

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

या पानावर रोज कुणाच्या तरी मामाला अमावास्येला रस्त्यात बाई भेटते. मामाला नाव नसतं. रस्त्याला गाव नसतं. खाली लोक लिहितात, अंगावर काटा आला. मामा मुळात होता का, हे कुणी विचारत नाही.

मी विचारतो. म्हणून मला कुणी आवडीनं बोलवत नाही.

माझी गोष्ट भर दुपारची आहे. गेल्या वर्षीचा मे महिना, रविवार. जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याच्या पुढं, रानातली एक वाडी. ऊन एवढं की कुत्री रस्त्याखालच्या मोरीत शिरून झोपलेली.

मी तिथं होतो. शुद्धीवर होतो. जमेल तिथं, कोणती गोष्ट कुणाकडून कळली ते खाली लिहिणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मामाकडं परत जावं.

तर.

मला घराण्याचा इतिहास जमवायचा नाद आहे. नाद म्हणजे आमच्या महाबळेश्वरसारखा नाही. महाबळेश्वर माझा चुलतभाऊ. रामनगरात मोबाइलचं दुकान आहे. त्यानं एका बैठकीत आमची सगळी वंशावळ केली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. वर दोन तलवारी, मधे घोडा. आमचे पूर्वज म्हणे किल्लेदार होते.

आम्ही कुणबी. रानात नाचणी पेरणारी, कंद खणणारी माणसं. आमच्यात कुणी घोडा पाहिलाच असेल तर जत्रेत.

मी ग्रुपवर विचारलं, ‘हे कुणी सांगितलं?’

त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकीच्यांनीही जोडले.

(आधार: ग्रुप. अजून तसंच आहे.)

माझी रीत साधी आहे. एक गोष्ट दोघांकडून ऐकायची. ते दोघं एकमेकांशी बोलत नसले तर उत्तम. आमच्या घराण्यात अशी माणसं शोधावी लागत नाहीत. मग विचारायचं, हे तुम्ही पाहिलं की ऐकलं? ऐकलं तर कुणाकडून? खात्री नसेल तिथं जागा मोकळी सोडायची, आणि खात्री झाल्याशिवाय कुणाला पाठवायचं नाही. मोकळ्या जागेत घोडा बसवायचा नाही.

हे सगळं कामाला आलं ते माझ्या बहिणीच्या लग्नात.

रक्षिता माझी धाकटी बहीण. दांडेलीत नर्सिंग शिकली. तिथंच नागेश भेटला. तो एका रिसॉर्टची जीप चालवायचा. घर त्याचं कुंभारवाड्याकडचं, तेही कुणबीच. मुलगा सरळ, दारूला शिवत नाही. दोन्ही घरं खूश होती.

मग वासूअज्जा बोलला.

वासूअज्जा म्हणजे माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. घरात आता सगळ्यात म्हातारा. त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि सगळे लाडू संपायची वाट बघून मग म्हणाला,

“सोयरीक हुयाची न्हाई. त्येंचा नि आमचा इस्तू एक हाय.”

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं भाऊ वेगळा निघाला की जुन्या चुलीतला निखारा खापरात घालून नव्या घरी नेतात. नवी चूल त्यावर पेटते. म्हणून एका विस्तवाची माणसं म्हणजे भाऊबंद. भाऊबंदांत लग्न होत नाही.

“कुणी नेला विस्तव?” मी विचारलं.

“नेला.”

“कधी?”

“मागं.”

“तुला कुणी सांगितलं, अज्जा?”

“समद्यांस्नी म्हाईत हाय.”

समद्यांस्नी म्हाईत हाय. याच्याहून भिकार आधार मी आजवर ऐकलेला नाही. महाबळेश्वरचा घोडासुद्धा याच्यापेक्षा बरा. तो निदान दिसतो तरी.

नागेशच्या घरच्यांनी पावसाआधीचा मुहूर्त धरला होता. त्यांच्या कानावर हे गेलं तसे तेही गप्प झाले. नागेशच्या आईनं दुसरीकडं मुली बघायला सुरुवात केली, असं रक्षितानंच मला सांगितलं. रडली नाही. ताटातला भात नुसता इकडून तिकडं सारत म्हणाली,

“अण्णा, घोड्यासाठी तू सगळा तालुका पालथा घातलास. माझ्यासाठी एकदा घाल.”

घातला.

दोन्ही घरांचे देव वेगळे. मूळ गावं वेगळी. आमचं गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आम्हाला रामनगरला आणून बसवलं. त्यांचं उंचावर होतं, ते राहिलं. वर जाऊन जाऊन जेवढं मागं जाता येईल तेवढा गेलो. आमच्यात सगळ्यात वर लखू आणि कान्हू हे दोन भाऊ. त्यांच्यात त्या नावाचं कुणीच नाही. दोन्ही घरांत एक माणूस सामाईक नाही.

मी वंशावळीचा चार्ट अज्जापुढं धरला.

“रक्ताचं कोन बोलतंय?” तो म्हणाला. “मी इस्तवाचं बोलतोय.”

तेव्हा माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, “विस्तवाचंच बोलू. तुझी चूल कुठाय?”

आमची चूल मागच्या पडवीत. गॅस आल्यापासून कुणी पेटवली नाही. मी त्याला हाताला धरून तिथं नेलं. चुलीत कोंबडी बसली होती. उठायला तयार नव्हती. शेवटी उठली तेव्हा खाली अंडं.

“हा तुझा इस्तू,” मी म्हणालो. “विस्तव विझला, नातं विझलं. आता बोल.”

रक्षिता तोंडाला ओढणी लावून हसली. महिन्यात पहिल्यांदा.

अज्जा बराच वेळ त्या कोंबडीकडं बघत राहिला. मग म्हणाला,

“आमची गार हाय. त्येंची बी गार आसंल तर लावा लगीन. पर राखंत हात घालून मी सोता बघनार.”

पुरावा मागायची अक्कल त्याला इतक्या वर्षांनी आली. मला बरं वाटलं.

त्या रविवारी मी त्याला बाइकवर मागं बसवून नेलं.

नागेशच्या घरी पुढच्या पडवीत केशरअज्जी बसली होती. नागेशच्या आजोबांची बहीण. नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली. डोळ्यांनी कमी दिसतं, कान शाबूत. नागेश सिलिंडर आणायला गेला होता. घरात करंट नव्हता. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो तिच्यापुढं ठेवला. अज्जा खांबाला टेकून बसला.

आतल्या स्वयंपाकघरातून आवाज येत होता...

फूऽऽ... फूऽऽ... फू.

फुंकणीचा. लोखंडी नळीतून कुणी चूल फुंकतंय. मला वाटलं, नागेशची आई चहा ठेवतेय. उन्हात आलो होतो. चहा चालणार होता.

“अज्जी, आमच्या घरचा विस्तव तुमच्याकडं आला, हे खरं का?”

“व्हय.”

“कसा?”

“पाऊस लागलावता. आमची चूल विझली. घरात बाळातीन. पोर काळंनिळं पडाय लागलं.” ती थांबून थांबून बोलत होती. “तुमच्यातली सून निघाली. खापरात इस्तू, वर केळीचं पान. रानातनं यायचं, तर फुंकत फुंकत यावं लागतं. न्हाईतर विझतंय.”

फूऽऽ... फूऽऽ... फू.

“सकाळच्याला दार उघडलं,” केशरअज्जी म्हणाली. “उंबऱ्याभायेर खापर. इंगळ लालभडक. त्येच्यावर चूल पेटली, पोर जगलं. त्ये पोर म्हंजे आमचा आजा.”

“आणि ती बाई?”



आतली फुंकणी थांबली...

“ती न्हाई आली,” केशरअज्जी म्हणाली.

मला हसू आलं. विस्तव पोचला आणि आणणारी पोचली नाही. मग खापर काय स्वतः चालत आलं? असल्या गोष्टी लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात आणि मधलं भगदाड कुणाला दिसत नाही.

“तिचं नाव?”

“सुनंचं नाव कोन घेतंय?”

“बरं. हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?”

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. खुळ्या माणसाकडं बघतात तसं.

“कोन सांगनार? आईकतोयस न्हवं तू बी.”

फूऽऽ...

चहा काही आला नाही.

आली ती नागेशची आई. समोरून. अंगणातून. डोक्यावर ओल्या कपड्यांचं गाठोडं, ओढ्यावरून धुऊन आणलेलं.

“कवा आलासा? बसा, सिलिंडर आला की च्या ठेवते.”

मी विचारलं, “आत कोण आहे मग?”

“आत कोन आसनार?”

फूऽऽ... फूऽऽ...

तिनं गाठोडं खाली ठेवलं. ऐकलं तिनंही. मी तिचा चेहरा पाहिला. भीती नव्हती. शेजारीण पुन्हा साखर मागायला आली की होतो, तसा चेहरा.

“आसतंय तसं,” ती म्हणाली. “पावसाआदी.”

(आधार: माझं रेकॉर्डिंग. ज्यांना ऐकवलं ते म्हणाले, फॅनचा आवाज आहे. करंट नव्हता, हे सांगितलं. मग म्हणाले, वारा असेल. महाबळेश्वर म्हणाला, तुझ्या मोबाइलचा माइक गेलाय, दुकानात घेऊन ये.)

आम्ही आत गेलो. पुढं अज्जा, मागं मी.

आवाज बंद.

ओट्यावर गॅसची शेगडी. कोपऱ्यात जुनी चूल, वर गोणपाट, गोणपाटावर कांदे पसरलेले. भिंतीला फुंकणी टेकवून ठेवलेली. मी ती उचलली. एका तोंडावर कोळ्याचं जाळं. जुनं, धुळीनं भरलेलं, अखंड. यातून कुणी फुंकर मारली असती तर ते राहिलं नसतं. मी खूश झालो. हा पुरावा. मी नळी फिरवून अज्जाला दाखवणार होतो.

दुसरं तोंड माझ्या बोटांना लागलं...

ओलं होतं.

मी नळी जागच्या जागी ठेवली.

अज्जानं कांदे बाजूला केले. गोणपाट उचललं. चुलीत राख. पांढरी, सपाट, वर घुशीच्या पावलांची नक्षी. तो उकिडवा बसला आणि राखेत हात घातला. बोटं, मग पंजा, मग मनगट.

मी वाट बघत होतो.

त्यानं हात काढला नाही.

“अज्जा?”

त्याचा जबडा हलत होता. तंबाखू चघळावी तसा. पण तोंडात तंबाखू नव्हती. कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. तो एकदा चुलीकडं, एकदा चुलीच्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडं बघत होता. कुणी समोर बसून बोलतंय आणि आपण ऐकतोय, तसं.

मग त्यानं हात काढला, लगेच पंच्यात गुंडाळला.

“गार हाय,” तो म्हणाला. “लावा लगीन.”

नागेशच्या आईनं देवाला हात जोडले.

मी जिंकलो होतो. विस्तवाचं नातं, पिढ्यांची भीती, सगळं एका म्हाताऱ्याच्या मनगटानं निकालात निघालं. मी तिथूनच रक्षिताला फोन लावायला बघितला. रेंज नव्हती.

परतताना जोयड्याला पाणी प्यायला थांबलो. अज्जाला तांब्या धरता येईना. मी पंचा ओढला.

पंजा सगळा भाजलेला. फोड आलेले. एक फुटला होता.

“हे काय? गार होती म्हणालास ना?”

तो टाकीच्या कठड्यावर बसला.

“तिनं हात धरला,” तो म्हणाला.

“कुणी?”

“म्हनाली, थोडंच ऱ्हायलंय. आत पोचवा.”

मी त्याला दवाखान्यात नेलं. मलमपट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, या वयात भाजलेलं उशिरा कळतं, सायलेन्सरला हात लागला असेल. मी ते मान्य केलं. पटलं म्हणून नाही. त्यापेक्षा बरं दुसरं काही हाताशी नव्हतं. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. भाजलेला हात डावा होता.

(आधार: मी. बाइक माझी आहे.)

लग्न मोडावं असं मी बोलू शकत होतो. कशाच्या जोरावर? एक म्हातारा म्हणतो कुणीतरी हात धरला? मी असल्या आधारावर कुणाचं लग्न मोडणाऱ्यातला नाही. अज्जानं वाटेत एकदाच विचारलं, “घरात सांगशील?” मी म्हणालो, “काय सांगू?”

लग्न झालं. पाऊस लांबला. सगळं रीतसर.

वरात त्यांच्या दारात पोचली. मी मागच्या जीपमधून उतरलो. रक्षिता उंबऱ्याबाहेर उभी होती. नागेश आत गेला तरी ही बाहेरच. बायका हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, “पाय उचल गे बाई, उंबरा चावत न्हाई.”

तिचे दोन्ही हात पोटाशी होते. ओंजळ केलेले. ओंजळीत काही नव्हतं. ती ओंजळीवर वाकली होती, पावसापासून काही झाकावं तशी.

मग ती आत गेली.

आणि एक सुस्कारा टाकला. मी लहानपणापासून तिला ओळखतो. थकली की ती कुरकुरते. असा सुस्कारा मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. फार लांबून आलेल्या माणसाचा.

स्वयंपाकघर कुठं आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. ती सरळ गेली.

तेव्हापासून त्या घरात चूल पेटते. गॅस नुसता पडून आहे. नागेशची आई गावभर सांगते, शिकलेली असून सून कामाची निघाली. माझ्या बहिणीला लग्नाआधी काडीपेटीनं शेगडी लावायचीही भीती वाटायची.

ती सुखात आहे. हे मी तपासलं आहे. नागेशला विचारलं, वेगळं गाठून त्याच्या आईला विचारलं. हसते, जेवते, दवाखान्यात नोकरीला जाते. तक्रार नाही. रामनगरला येते तेव्हा अज्जाच्या पायाशी बसून त्याचा तो हात चोळून देते. अज्जा हात मागं घेत नाही. तिच्याकडं बघतही नाही.

सप्टेंबरात तिचा फोन आला.

“अण्णा, तुझा चार्ट बघितला. लखू आधी लिहिलायस.”

“मग?”

“कान्हू थोरला. लखू पाठचा.”

मी चिडलो. मला तीन माणसांनी लखू थोरला सांगितलं होतं. “तुला कुणी सांगितलं?”

ती हसली. “बघ की तपासून.”

तपासलं. अणशीला आमची एक लांबची आत्या आहे, बाळी. रक्षितानं तिला जन्मात पाहिलेलं नाही. तीन माणसांनी चूक का सांगितली, तेही आत्यानं उलगडून दाखवलं. तिघांनीही ते एकाच काकाकडून ऐकलं होतं. म्हणजे ते तीन आधार नव्हते. एकच होता. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

“कान्हूच थोरला,” बाळीआत्या म्हणाली. “माझ्या आजीनं त्येला बघितलावता. आता ह्ये सांगनारं मागं कोन ऱ्हायलंय? तुला कुनाकडनं कळलं?”

मी म्हणालो, असंच.

त्यानंतर दर आठवड्याला फोन येतो. जुन्या घरात जातं डाव्या हाताला होतं. झऱ्यावर उंबर होता, त्याची एक फांदी पाण्याला टेकायची. कान्हू जेवताना बोलायचा नाही, लखू एकसारखा बोलायचा. तो सगळा भाग आता पाण्याखाली आहे. रक्षिताचा जन्म रामनगरचा. मी प्रत्येक गोष्ट एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांकडून तपासून घेतो. जेवढ्या तपासता आल्या, तेवढ्या सगळ्या बरोबर निघाल्या.

एकही चुकली नाही. माझ्या आयुष्यात इतका खात्रीचा माणूस मला कधी भेटला नव्हता.

तिच्या माहितीखाली मी आधार लिहितो तेव्हा लिहितो, रक्षिता. मग खोडतो. मग तिथं जागा मोकळी सोडतो.

(आधार:                         )

काल पुन्हा फोन आला. पलीकडं चुलीचा आवाज येत होता. मी घाईघाईनं हे ते विचारत राहिलो. देवाचं नाव, शेताचं नाव, कोण कुठं दिली, कोण कुठून आणली. ती शांतपणे सांगत होती, मी लिहून घेत होतो. मधेच ती थांबली.

“अण्णा,” ती म्हणाली, “तू एवढं सगळं विचारतोस. वाटेत काय झालं, ते मात्र कधी विचारत न्हाईस.”